फोम रोलर घेताना

वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्या की वर्षभर बाकांवर बसलेली मंडळी एकाएकी मैदानावर धावू लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार शोधतात. अशा दुखण्यावर अलीकडे फोम रोलर सुचवला जातो. रोलर म्हणजे घट्ट फोमचा जाड रूळ. तो जमिनीवर ठेवायचा, त्यावर पोटरी किंवा मांडी टेकवायची आणि अंगाच्या भाराने पुढेमागे सरकायचे. बेळगावच्या तालमींना मालिश नवी नाही. पण तेथे दुसऱ्याचे हात लागतात, येथे आपले काम आपणच करायचे.

किंमत पाहण्याआधी वस्तूची उपयोगिता पाहावी, असे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. तेव्हा आरंभ तेथूनच करू.

सवय नसलेल्या व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत अंग ठणकते, ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, असा समज आहे. वस्तुतः ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत निघून जाते. ठणका लागतो तो स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. ती इजा रोलरने भरून येत नाही. रोलर स्नायूंच्या गाठी फोडतो, हा विक्रेत्यांचा दावाही जपूनच ऐकावा. स्नायूंवरचे चिवट आवरण ताणण्यास लागणारा जोर रुळावर लोळून मिळत नाही. मग बरे का वाटते? दाबामुळे मज्जासंस्था त्या भागातील ताणाची व दुखण्याची जाणीव काही काळ कमी करते, असे आज मानले जाते. २०१९ साली २१ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रोलरमुळे लवचीकता थोडी वाढते व व्यायामानंतरचे दुखणे थोडे कमी होते, परंतु हे परिणाम एकंदरीत लहानच आहेत, असे त्यात आढळले. फायदा माफक, तेव्हा खर्चही माफक असावा.

निवडताना प्रथम कठीणपणा पाहावा. फार कठीण रोलरवर वेदनेने अंग आक्रसते आणि स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. फार मऊ असेल तर ती नुसती उशी. नवख्याने मध्यम घ्यावा, आणि तोही गुळगुळीत. उंचवटे असलेला रोलर जागोजाग जोराने टोचतो. सवय झाल्यावर वाटल्यास त्याचा विचार करावा. विजेवर थरथरणाऱ्या महागड्या रोलरची नवख्याला गरज नाही.

रोलरचा व्यास बहुधा १५ सेंटिमीटर असतो. लांबी साधारणतः ३०, ४५ किंवा ९० सेंटिमीटर. ३० चा पिशवीत मावतो, पण पाठीला अपुरा पडतो. ९० चा वसतिगृहाच्या खोलीत अडचण करतो. विद्यार्थ्याला ४५ चा सोयीचा.

शेवटी घसारा. साध्या पॉलिथिलीन फोमचा रोलर स्वस्त असतो, पण रोजच्या वापराने लवकर चपटा होतो. ईव्हीए फोमचा थोडा महाग, परंतु आकार अधिक काळ धरतो. एक वर्ष टिकणारी स्वस्त वस्तू आणि चार वर्षे टिकणारी थोडी महाग वस्तू यांत खरी स्वस्त कोणती, हे वर्षाकाठचा खर्च मांडल्यावरच कळते. दुकानात अंगठ्याने दाबून पाहावे. खळगा लगेच भरून आला पाहिजे.

वापरताना एका स्नायूवर ३० ते ६० सेकंद सावकाश फिरावे आणि श्वास रोखू नये. गुडघा, घोटा, हाडे व कंबरेचा मणका यांवर रोलर फिरवू नये. ताजी दुखापत, मुरगळ किंवा फुगलेल्या शिरा असतील तेथेही नको. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असलेल्या किंवा हाडे ठिसूळ झालेल्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून त्याला हात लावू नये. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, तर ती चोळत बसू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी तडक दवाखाना गाठावा.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक बिनखर्ची प्रयोग सुचवतो. आपले लाटणे, आपल्या कन्नड मित्रांची लट्टणिगे, जुने असेल ते मागून घ्यावे (पोळ्यांचे नव्हे!) आणि रोज संध्याकाळी पोटऱ्यांवर हलक्या हाताने फिरवावे. तळव्याखाली टेनिसचा चेंडू घोळवावा. आठवडाभर हे नेमाने जमले आणि बरे वाटले, तर खुशाल दुकानात जावे. ज्याला लाटण्याचा कंटाळा आला, त्याचा रोलरही खाटेखालीच धूळ खात पडणार.