नाथ पै यांचे विधेयक आणि मूलभूत हक्कांचा वाद

हक्क आणि न्याय यांविषयी भारतीय संसदेत जे मोठे वाद झाले, त्यांपैकी चौथ्या लोकसभेतील एका वादाचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या दोन्ही बाजूंना लोकशाहीचे कट्टर कैवारी उभे होते आणि त्याला तोंड फोडणारा सदस्य नागरी स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणूनच देशाला ठाऊक होता. राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका जिंकलेले प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै यांनी ७ एप्रिल १९६७ रोजी लोकसभेत एक घटनादुरुस्ती विधेयक मांडले. मूलभूत हक्कांसह राज्यघटनेतील कोणतीही तरतूद बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनादुरुस्तीविषयीच्या ३६८व्या कलमात निःसंदिग्ध शब्दांत लिहिले जावे, एवढीच त्यांची मागणी होती.

ही मागणी करण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी पंजाबातील एका जमिनीच्या खटल्याकडे जावे लागते. जालंधर येथील गोलकनाथ कुटुंबाकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती आणि पंजाबच्या १९५३ च्या कूळविषयक कायद्यानुसार प्रत्येक धारकाला ठराविक मर्यादेपेक्षा अधिक जमीन ठेवता येत नव्हती. हा कायदा सतराव्या घटनादुरुस्तीने नवव्या अनुसूचीत घालण्यात आला होता. ही अनुसूची म्हणजे, मूलभूत हक्कांचा भंग होतो या कारणाने न्यायालयाने रद्द करू नयेत अशा कायद्यांची घटनेतच जोडलेली यादी होय. या कुटुंबाने घटनादुरुस्तीलाच आव्हान दिले आणि २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला. मूलभूत हक्क हिरावणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेला करता येणार नाही, असे घटनेचे तेरावे कलम सांगते. घटनादुरुस्ती हाही एक कायदाच आहे, म्हणून तिलाही हा निर्बंध लागू होतो, असे सरन्यायाधीश कोका सुब्बाराव आणि त्यांच्याशी सहमत असलेल्या न्यायाधीशांचे म्हणणे होते. आधीच्या दुरुस्त्या मात्र त्यांनी रद्द केल्या नाहीत. नवा नियम पुढच्या काळापुरता राहील, असे ठरवून जमीनसुधारणांच्या सगळ्या व्यवस्थेची उलथापालथ त्यांनी टाळली. त्यामुळे गोलकनाथांना तत्त्व मिळाले, जमीन मिळाली नाही.

नाथ पै यांचे विधेयक या निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत आले. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास सोसलेले आणि लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतलेले नाथ पै गोव्याच्या मुक्तीसाठी आणि १९६० च्या संपातील केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी संसदेत आवाज उठवत आले होते. असा माणूस मूलभूत हक्कांवरचे कुलूप काढायला निघाला आहे, असे त्यांच्या टीकाकारांना वाटले, आणि वरवर पाहता ते चुकीचेही नव्हते. परंतु त्यांच्या युक्तिवादाचा रोख हक्कांविरुद्ध नव्हता. सार्वभौमत्व जनतेचे असते, ते तिच्या निर्वाचित प्रतिनिधींमार्फत व्यक्त होते, आणि सामाजिक न्यायासाठी घटना बदलायची की नाही याचा अखेरचा निर्णय मतदारांना उत्तरदायी असलेल्या सभागृहानेच घ्यायचा असतो, ही त्यांची भूमिका होती. घटनेच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे राज्यकारभाराला दिशा देणारी पण न्यायालयामार्फत अंमलात आणता न येणारी उद्दिष्टे, संपत्तीच्या केंद्रीकरणाला आळा घालायला सांगतात. मालमत्तेचा हक्क मात्र तेव्हा मूलभूत हक्कांत होता. या दोहोंची टक्कर झाल्यास संसदेचे हात बांधलेले नसावेत, हा समाजवादी विचार त्या युक्तिवादाच्या मुळाशी होता.

सर्वांत तिखट विरोध झाला तो समाजवादी घरातूनच. संयुक्त समाजवादी पक्षाचे डॉ. राममनोहर लोहिया यांना हे विधेयक धोकादायक वाटले, कारण बहुमताच्या सत्तेचा अनुभव त्यांनी तुरुंगातून घेतला होता आणि आजचे सत्ताधारी उद्या नागरिकाचे स्वातंत्र्यही याच मार्गाने हिरावतील, असा त्यांचा संशय होता. स्वतंत्र पक्षाचा विरोध अपेक्षितच होता, कारण मालमत्तेचा हक्क हा त्या पक्षाच्या विचाराचा कणा होता. एकाच विधेयकाला जमीनदारीचे विरोधक आणि खासगी मालमत्तेचे समर्थक वेगवेगळ्या कारणांनी अडवत होते, हे दृश्य त्या लोकसभेच्या विस्कळीत स्वरूपाला शोभणारे होते.

या विस्कळीतपणातच या प्रकरणाचे मर्म आहे. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाला खासगी सदस्याचे विधेयक म्हणतात. त्याच्या वाट्याला शुक्रवारची दुपार येते, आणि आजवर अशी केवळ चौदा विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आहेत. घटनादुरुस्तीसाठी सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा, असे विशेष बहुमत लागते. १९६७ मध्ये काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या होत्या; म्हणजे कोणतीही घटनादुरुस्ती विरोधी बाकांवरच्या मोठ्या गटाला पटवल्याशिवाय मंजूर होणे जवळजवळ अशक्य होते. नाथ पै यांचा संसदेवरचा विश्वास अशा संसदेवरचा होता. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि परत आले, त्यावर चर्चा होत राहिली, पण ते मंजूर होण्याआधीच २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगाव येथे नाथ पै यांचे निधन झाले.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक. नाथ पै यांना हवा होता तो अधिकार चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्याच वर्षी संसदेला मिळाला, पण तो वापरायला आता विरोधकांची गरज उरली नव्हती. लोहियांचा संशय ज्या परिस्थितीसाठी होता, ती परिस्थिती त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत उभी राहिली. नाथ पै यांचा युक्तिवाद तर्काने चुकीचा नव्हता, मात्र संसदेचे अंकगणित किती झपाट्याने पालटू शकते, याचा हिशेब त्यात कमी पडला, असे म्हणावे लागते.

न्यायालयाने पुढे काढलेला मार्गही मराठी वाचकाला परका नाही. गोलकनाथपूर्वी, १९६४ च्या सज्जन सिंह खटल्यात, सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या बहुमताच्या निकालाने संसदेचा अधिकार मान्य केला होता. पण त्याच पीठावरील न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी, घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणे ही दुरुस्ती ठरेल की घटनेचे पुनर्लेखन, असा प्रश्न नोंदवून ठेवला होता. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी जो निर्णय दिला, त्यात मूलभूत हक्कांसह कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता येते हे नाथ पै यांचे म्हणणे ग्राह्य धरले गेले, आणि घटनेची मूलभूत चौकट मात्र मोडता येणार नाही ही मर्यादाही घातली गेली. आणीबाणीत बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा पुसण्याचा प्रयत्न झाला. तो न्यायालयाने १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात हाणून पाडला.

ज्या मालमत्तेच्या हक्कामुळे हा सारा वाद उभा राहिला, तो मूलभूत हक्कांच्या यादीतून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढला गेला आणि ३००-अ या कलमात साधा घटनात्मक हक्क म्हणून शिल्लक राहिला. ती दुरुस्ती करणाऱ्या जनता पक्षात १९६७ साली विधेयकाला विरोध करणाऱ्या प्रवाहांतील अनेक जण होते, आणि राजापूरहून नाथ पै यांच्यानंतर निवडून आलेले मधू दंडवते त्या सरकारात रेल्वेमंत्री होते.