परमुलखातले कीर्तन

पालखीच्या दिवसांत दौंड तालुक्यातील यवत-वरवंडच्या वाटेवर ज्यांनी टाळमृदंगाचा गजर ऐकला आहे, अथवा शिरूरकडील एखाद्या सप्ताहात जे रात्री उशिरापर्यंत बसले आहेत, त्यांस कीर्तन म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. बुवांनी चरण टाकावा, टाळकऱ्यांनी तो उचलावा, आणि रंग चढला म्हणजे गाणारा कोण व ऐकणारा कोण याचे भान उरू नये.

ह्याच भागातील सुशिक्षित घरांतून हल्ली एक कुरबूर ऐकू येते. मुले कानांत यंत्रे खोचून १९७० नंतरच्या चार-पाच वर्षांतील अमेरिकन गाणी ऐकत बसतात, आणि वडीलधाऱ्यांच्या मते तो निव्वळ गोंगाट होय. गिटारींच्या कल्लोळाच्या कित्येक तबकड्या आम्हांसही सोसवत नाहीत, हे खरे. परंतु 'सोल' म्हणून जे नीग्रो वंशीयांचे गायन प्रसिद्ध आहे, त्याविषयी निकाल देण्यापूर्वी वडील मंडळींनी एक तबकडी सबंध ऐकावी, अशी आमची विनंती आहे. अरेथा फ्रँकलिन ह्या बाईंची 'अमेझिंग ग्रेस' ती हीच.

बाईंचे वडील डेट्रॉइट शहरी नामांकित धर्मोपदेशक होते. त्यांच्या प्रवचनांच्याही तबकड्या निघत. लहानपणी वडिलांच्या प्रार्थनामंदिरात गाणारी ही मुलगी पुढे लौकिक गाण्यांनी जगप्रसिद्ध झाली, आणि ऐन कीर्तीच्या भरात पुन्हा देवाच्या दारी आली. १९७२ च्या जानेवारीत, १३ व १४ तारखेस, लॉस एंजेलिस येथील एका साध्या प्रार्थनामंदिरात दोन रात्री हे गायन झाले. साथीस जेम्स क्लीव्हलंड हे उपदेशक व त्यांचा गायकवृंद. समोर श्रोते, आणि तेही मधून मधून दाद देत उठून उभे राहणारे. मुख्य गीत सुमारे अकरा मिनिटांचे आहे. बाई एकेका शब्दास ख्यालगायकाप्रमाणे खेळवीत नेतात. हे गीत चालू असता क्लीव्हलंड पियानो सोडून बाजूस बसले व त्यांस रडू आवरेना.

आणि गीत तरी कोणाचे? गुलामांची जहाजे हाकणारा जॉन न्यूटन नावाचा इंग्रज कप्तान पुढे पाद्री झाला. १७७३ च्या आरंभी त्याच्या मंडळीत हे पद म्हटले गेले. त्याच गुलामांच्या वंशजांनी ते आपले करून घ्यावे, यास काय म्हणावे!

त्या दोन रात्रींचे चित्रणही झाले होते. पण चित्र व ध्वनी जुळविण्याची खूण चित्रण करणाऱ्यांनी केलीच नव्हती, आणि पुढे इतरही अडचणी आल्या. लोकांस तो चित्रपट पाहावयास मिळाला तो २०१८ साली.

हे संगीत आपल्या गळ्यासही अगदीच परके नाही. मुंबईत वाढलेल्या व हिंदुस्थानी गायकी शिकलेल्या आशा पुथली ह्यांनी ऑर्नेट कोलमन ह्या जाझवादकाच्या 'सायन्स फिक्शन' तबकडीत १९७१ साली दोन गीते गायिली. १९७३ मध्ये त्यांची स्वतःची तबकडी निघाली.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, कानांतील यंत्रे काढावयास लावून ते अकरा मिनिटांचे गीत ओटीवर मोठ्याने लावावे. इंग्रजी शब्दांचा अर्थ नातवंडांनी आजीस सांगावा. सम कोठे येते ते आजी सांगेल.