चाकणची लोकसंख्या नेमकी किती? आकडा २०११चा, गर्दी आजची

पुणे-नाशिक महामार्गाला तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेदतो तो चाकणचा तळेगाव चौक. कोंडीमुळे तुम्हाला माहीत असेलच! १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाविरुद्ध जवळपास दोन महिने लढवलेला संग्रामदुर्ग याच गावातला.

खेड तालुक्यातल्या या शहराच्या उत्तरेला भामा, दक्षिणेला इंद्रायणी. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४१ हजार. नगरपरिषद झाली २०१५ मध्ये.

मग एवढी गर्दी कुठली? नाव 'चाकण एमआयडीसी' असलं, तरी बरेचसे कारखाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या शेजारच्या गावांत आहेत. बाजारहाट आणि वाहनांचा ताण मात्र चाकणवर. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहारपर्यंतचे कामगार इथे भाड्याने राहतात. जुन्या आकड्यात ते नाहीत आणि नगरसेवकांची संख्या त्याच आकड्यावरून ठरते.

२०२१ची जनगणना कोरोनामुळे लांबली. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. चाकणला खोली करून राहत असाल, तर तुमची नोंद गावाकडच्या घरात नाही, इथेच व्हायला हवी. मतदार यादीत नाव गावाकडे असलं तरी चालतं.