नॉयबरबाई आणि विदूषकाची हद्दपारी

जर्मन रंगभूमीच्या इतिहासांत कारोलीन नॉयबर ह्या नटीचें नांव बहुधा एकाच प्रसंगामुळें घेतलें जातें. इ. स. १७३७ मध्यें, म्हणजे बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आला त्याच वर्षीं, लाइप्त्सिग शहरांत तिनें हार्लेकिन ह्या विदूषकास समारंभपूर्वक रंगभूमीवरून हद्दपार केलें. कोणी म्हणतो त्याचा पुतळा जाळला, कोणी म्हणतो नुसता हाकलून दिला. प्रयोगाची संहिता मात्र उपलब्ध नाहीं. बखरीपेक्षां अस्सल कागद श्रेष्ठ, हा आपला दंडक येथेंही लावून पाहण्यासारखा आहे.

जर्मन लोक तिला 'नॉयबरिन' म्हणत. आपल्याकडील 'नॉयबरबाई' हाच त्याचा अर्थ. बाईंचा जन्म १६९७ सालीं रायखेनबाख येथें एका वकिलाच्या घरीं झाला. बापाच्या जाचामुळें १७१७ सालीं त्या योहान नॉयबर ह्याच्यासह घरांतून निघाल्या व फिरत्या नाटकमंडळींत शिरल्या. दहा वर्षांनीं सॅक्सनी दरबारची सनद मिळवून त्यांनीं स्वतःची मंडळी काढली. मुख्य नटी त्याच आणि तालीममास्तरही त्याच. ऐनवेळीं सुचेल तें बोलण्याची तत्कालीन चाल मोडून, लिहिलेलीं पद्यमय भाषणें नटांकडून पाठ करवून घेण्यावर त्यांचा कटाक्ष असे. ह्या कामीं प्राध्यापक गॉटशेड ह्यांचा त्यांना पाठिंबा होता, आणि म्हणूनच बाई केवळ त्यांच्या हातचें बाहुलें होत्या असा समज पसरला.

तो समज कागदपत्रांपुढें टिकत नाहीं. १७३३ सालीं राजा ऑगस्ट वारला. धनी बदलला कीं सनद नव्यानें करून घ्यावी लागते, हें इनामी दप्तरें चाळणारांस सांगणें नको. ही नवी सनद पटकावली म्युलर नामक प्रतिस्पर्ध्यानें. आणि हा म्युलर हार्लेकिनचीच भूमिका करणारा! बाईंनीं अर्ज केले. शिवाय १७३४ सालीं त्याच भांडणास रूपकाचा वेष देऊन 'एक जर्मन पूर्वरंग' ही नाटिका लिहिली व छापूनही काढली. तिच्या प्रस्तावनेंत, हें लिखाण कोणा विद्वान पुरुषाचें नसून एका स्त्रीचें आहे, असें त्या स्वतःच बजावतात. रेडेन-एस्बेक ह्यानें १८८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या बाईंच्या चरित्रांत अशीं पुष्कळ साधनें एकत्र केलीं आहेत. तीं पाहतां हद्दपारीच्या मुळाशीं अभिरुचीइतकाच सनदेचाही तंटा असावा, असें आमचें मत आहे.

आणि विदूषक खरोखर गेला काय? लेसिंगचें पहिलें नाटक १७४८ च्या जानेवारींत बाईंच्याच मंडळीनें केलें होतें, तेव्हां त्याची साक्ष जवळच्या माणसाची समजावी. १७६७ सालीं तो लिहितो कीं बाईंच्या अनेक नाटकांत हार्लेकिन पुढेंही मुख्य पात्र होताच; फक्त त्याचें नांव 'हेन्सखेन' झालें आणि रंगीबेरंगी अंगरखा जाऊन पांढरा आला.

गॉटशेडशीं बाईंचें फार काळ जमलें नाहीं. रशियाच्या सफरीहून परतल्यावर १७४१ सालीं त्यांनीं 'सर्वांत मौल्यवान ठेवा' ह्या आपल्या नाटिकेंत दोषैकदृष्टि टीकाकाराचें एक पात्र घातलें. तारे जडविलेला झगा, वटवाघळाचे पंख, हातांत कंदील! तें सोंग कोणाचें हें प्रेक्षकांनीं तत्काळ ओळखलें.

पुढें मंडळी मोडली. ३० नोव्हेंबर १७६० रोजीं, सप्तवार्षिक युद्धाच्या धामधुमींत, ड्रेस्डेनजवळील लाउबेगास्ट येथें त्या वारल्या. १७७६ सालीं तेथें त्यांचें स्मारक उभारण्यांत आलें.