चित्र मेंदूचं, हिशेब रक्ताचा

वर्तमानपत्रांत अधूनमधून एक चित्र झळकतं. राखाडी मेंदू, त्यावर तांबडे-पिवळे डाग आणि खाली ओळ: राग आला किंवा गणित सोडवायला घेतलं की मेंदूचा हा भाग ‘उजळतो’. उजळत वगैरे काही नाही. ही चित्रं काढणारं फंक्शनल एमआरआयचं यंत्र चेतापेशींचे संदेश टिपतच नाही. ते टिपतं त्यांच्या आसपासच्या रक्तातला बदल. आणि रक्त माणसागणिक वेगळं असतं, ही साधी गोष्ट अशा बातम्यांतून हमखास निसटते.

सगळ्याच्या मुळाशी आहे हिमोग्लोबिनमधलं लोह. १८४५ मध्ये मायकेल फॅरडेनं वाळलेलं रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलं, पण लोह असूनही ते ओढलं गेलं नाही. ताज्या रक्तावर प्रयोग करायला हवा, अशी नोंद त्यानं करून ठेवली. उत्तर मिळालं १९३६ मध्ये. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी दाखवलं, की ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही. ऑक्सिजन सोडून दिलेलं मात्र जातं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सेजी ओगावा यांनी हाच गुण उंदरांच्या मेंदूत वापरून पाहिला. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन आसपासचं चुंबकक्षेत्र किंचित बिघडवतं आणि एमआरआयच्या चित्रात तिथे काळपट छटा उमटते. दोनच वर्षांत हे तंत्र माणसांवर वापरलं जाऊ लागलं.

गंमत पुढेच आहे. चेतापेशी कामाला लागल्या की ऑक्सिजन जास्त खर्च होणार, म्हणजे काळपटपणा वाढायला हवा. होतं उलटंच. पीटर फॉक्स आणि मार्कस राइकली यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की अशा वेळी रक्ताचा ओघ ऑक्सिजनच्या वाढीव खर्चाच्या कितीतरी पट वाढतो. चार पाहुणे येणार म्हणून दहा जणांचा स्वयंपाक करावा, तसं. त्या लोंढ्यात ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन वाहून जातं आणि पाच-सहा सेकंदांनी सिग्नल वाढलेला दिसतो. वाढ तरी किती? डोळ्यांसमोर काळ्या-पांढऱ्या चौकटी भराभर लुकलुकवल्या तर काही टक्के. मानसशास्त्रातल्या नाजूक प्रयोगांत बहुधा एक टक्काही नाही.

आता कुठल्याही लॅबचा रक्ततपासणीचा (सीबीसीचा) रिपोर्ट हातात घ्या. हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळींत ‘पीसीव्ही’ असं लिहिलेलं असतं. रक्ताची बारीक नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाशी दाबल्या जातात आणि वर पिवळसर पाणी उरतं. शंभर भागांत लाल भाग किती, तो हा आकडा; हिमोग्लोबिन असतं ते याच लाल पेशींत. निरोगी पुरुषात तो साधारण ४५, निरोगी स्त्रीत ४० च्या आसपास.

समजा, दोन माणसांच्या चेतापेशी अगदी सारखंच काम करताहेत. पण एकाचं हिमोग्लोबिन १६ आहे, दुसऱ्याचं ११. पहिल्याच्या शिरांमध्ये ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त, त्यामुळे ते वाहून गेल्यावर पडणारा फरकही मोठा. दुसऱ्याच्या बाबतीत वाहून जायलाच कमी, म्हणून त्याचा मेंदू चित्रात ‘थंड’ दिसू शकतो. २००१ मध्ये बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. सलाइन देऊन स्वयंसेवकांचं रक्त थोडं पातळ केलं, तर तेच दृश्य पाहताना सिग्नल घटला.

म्हणूनच स्त्री-पुरुषांच्या मेंदूंतल्या फरकाची बातमी वाचली की माझी पहिली शंका असते: हिमोग्लोबिन मोजलं होतं का? आपल्याकडे तर ही शंका दुप्पट रास्त. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे, त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. (स्कॅनपूर्वी घेतलेली कॉफीही गोंधळ घालते. कॅफीनमुळे मेंदूचा रक्तपुरवठा बराच घटतो.)

रक्ताचा ओघ थेट मोजणाऱ्या एमआरआयमध्ये तर चूक अधिक लपून राहते. तिथे मानेतून वर जाणाऱ्या रक्ताला चुंबकीय खूण करतात, दोनेक सेकंद थांबतात आणि किती खूण मेंदूत पोचली ते पाहतात. वाटेत खूण फिकी होत जाते. ३ टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रावर या फिकं होण्याच्या वेगासाठी १.६५ सेकंद हा आकडा सर्रास सूत्रात घातला जातो. पण लाल पेशी कमी असतील तर खूण सावकाश फिकी होते, जास्त शिल्लक राहते आणि ओघ आहे त्याहून मोठा भासतो. ॲनिमियात ऑक्सिजनची तूट भरून काढायला मेंदूचा ओघ खरोखरच वाढलेला असतो. त्यावर ही फुगवलेली भर. विदर्भात, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेलसारख्या आजारात पक्षाघाताचा धोका आजमावायचा, तर खरा ओघ कुठे संपतो आणि सूत्राची फूग कुठे सुरू होते, हे कळायलाच हवं.

गाठ, रक्तस्राव, सूज शोधायला डॉक्टर जो नेहमीचा एमआरआय सांगतात, त्याला या भानगडीची झळ सहसा पोचत नाही. प्रश्न आहे तो माणसा-माणसांची तुलना करणाऱ्या संशोधनाचा. तोड अवघड नाही. स्कॅनच्या दिवशीच सीबीसी करून तो आकडा गणितात घेता येतो. सुई नको असेल, तर मेंदूच्या वरच्या मोठ्या शिरेतल्या रक्तात खूण किती वेगानं विरते, हे त्याच यंत्रावर काही मिनिटांत मोजता येतं. स्वयंसेवकाला थोडा वेळ श्वास रोखायला सांगण्याचीही युक्ती आहे: कार्बन डायऑक्साइड वाढून रक्तवाहिन्या रुंदावतात आणि विचाराचा संबंध नसतानाही त्या माणसाचं रक्त सिग्नल किती हलवतं, याचा अंदाज येतो.