इंजिन सीटमागे, कारखाना तळेगावात

तळेगाव-चाकण रस्त्यावर गाडी अडकली की ती कधी सुटणार, हे कंटेनरवाल्यांनाच ठाऊक. अशाच एका खोळंब्यात दोन ट्रेलरांच्या मधून काहीतरी रुंद, बुटकं, कमरेच्या जरा वर येईल एवढंच, हळूच पुढे सरकलं. वर ट्रेलरवर एकसारख्या नव्याकोऱ्या गाड्यांची रांग आणि खाली ही एकटी. डीसी अवंती. आमचा रिक्षावाला म्हणाला, "बाहेरची दिसतीय." बाहेरची कसली! इथल्याच तळेगावची.

गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रिया, म्हणजेच डीसी, यांनी ती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवली, लोकांच्या हाती २०१५ च्या सुमारास आली. किंमत साधारण ३५ लाख. तिच्या वेगाचं मला फारसं कौतुक नाही. निगडीपासून चाकणपर्यंत घरोघरी पहाटे पहिल्या शिफ्टचा डबा भरला जातो, तिथे गाडी बनणं हेही काही अप्रूप नाही. अप्रूप याचं, की जिथे सगळं लाखांच्या हिशोबाने चालतं, तिथे शेकड्यांच्या हिशोबाने गाडी काढायची कशी?

आधी पत्र्याचं बघा. नेहमीच्या गाडीचं दार प्रेस शॉपमध्ये जन्मतं. पत्र्याची शीट आत जाते, धाडकन दाब पडतो, काही सेकंदांत दाराचा आकार तयार. पण ज्या डायमध्ये तो आकार कोरलेला असतो, ती टनावारी वजनाची, आणि एका गाडीच्या सगळ्या डाय मिळून खर्च कोटींत जातो. दारं शंभर काढा नाहीतर पाच लाख, डायचा खर्च तेवढाच. पाच लाखांत वाटला तर तो जाणवतही नाही. शंभरांत वाटला तर गिऱ्हाईक पळून जाईल.

म्हणून छोटा कारखानदार पत्र्याच्या वाटेला जात नाही. तो पेणच्या गणपतीवाल्यासारखा साचा करतो. आधी पूर्ण मापाचा नमुना, त्यावरून साचा, मग साच्यातून अंग. साच्याला आतून मेण चोळायचं म्हणजे माल चिकटत नाही. त्यावर जेलकोटचा थर, त्यावर काचतंतूंची चटई, वरून हार्डनर घातलेलं रेझिन. मग माणूस हातात रोलर घेऊन एकेक बुडबुडा दाबून बाहेर काढतो, कारण आत राहिलेला बुडबुडा पुढे रंगाखालून वर येतोच. थर सुकेपर्यंत तासन् तास थांबायचं, मग कडा कापायच्या, पॉलिश पेपर मारायचा. साचा स्वस्त, हात महाग. शेकड्यांत हे परवडतं. लाखांत कुणी असं करू लागला तर त्याला वेड्यात काढतील.

पण असं कवच भार पेलत नाही. नेहमीच्या गाडीत पत्र्याची पेटी हाच सांगाडा असतो. इथे आत वेगळा सांगाडा लागतो. अवंतीचं कवचही कंपोझिटचं, आत सांगाडा स्वतंत्र.

राहिलं इंजिन. ते कोरं बनवायचं तर डायपेक्षाही मोठा खड्डा. अवंतीने रेनोचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन घेतलं, २५० अश्वशक्तीचं, जोडीला सहा गिअर. गंमत पुढेच आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे, एकमेकांना चिकटलेले, एकच गाठोडं असतात. ते गाठोडं उचलून सीटच्या मागे ठेवा. आधी इंजिन पुढची चाकं फिरवायचं, आता मागची. वजन आपसूक त्याच चाकांजवळ आलं, पकड वाढली, नाक हलकं झालं. साध्या घरगुती गाडीची यंत्रणा आणि झाली स्पोर्ट्स कार! इंग्लंडच्या लोटसने १९९६ च्या एलिसमध्ये हेच केलं होतं, रोव्हरच्या साध्या गाड्यांतलं इंजिन घेऊन.

लोटसचं नाव निघालं म्हणून सांगतो. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या १९५७ च्या लोटस सेव्हनच्या वळणाची गाडी आपल्याकडे अलिबागजवळ बनली. चिंकारा मोटर्सची रोडस्टर, आणि तिच्यात काँटेसातलं इसुझूचं १.८ लिटर इंजिन. मामांच्या काँटेसात गणपतीला कोकणात गेलेल्यांना हे ऐकून हसू येईल.

अवंती आता बनत नाही. पण थोड्याच गाड्या काढायची ही खोड फक्त छोट्यांना होती असं नाही. टाटा मोटर्सने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हात रेसमो दाखवली. थोड्याच गाड्या काढायच्या म्हणून टॅमो हे वेगळं नाव. सांगाड्याच्या रचनेमागे मार्चेलो गांदिनी, ज्यांनी लॅम्बोर्गिनीची मिउरा आणि काउंटाच रेखाटल्या. इंजिन सीटमागे, अवघं १.२ लिटर, नेक्सॉनच्याच कुळातलं. पण सुरुवातीच्या नेक्सॉनला ११० पीएसची ताकद होती, तर हिला १९०. पुढे खर्चाचं गणित आडवं आलं आणि ती बासनात गेली.

कंटेनर हलला. पुढे गतिरोधक. असल्या गाड्या तिथे तिरक्या घालाव्या लागतात, पोट घासतं, म्हणून आम्ही रिक्षातून माना लांब करून बघत होतो. अवंती सरळ चढली आणि सरळ उतरली. जमिनीपासून १७० मिलिमीटर, आपल्या साध्या हॅचबॅकएवढीच.

"आपलीच आहे," रिक्षावाला म्हणाला.