भरतीची तुकडी आणि यंदाचा संघ

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘रिक्रूटिंग क्लास’ (एका वर्षी विद्यापीठाने करारबद्ध केलेल्या शालेय खेळाडूंची तुकडी) नामांकित ठरला की त्याच हंगामात विजेतेपद मिळेल, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः बागायतदार आंब्याच्या नव्या कलमाचा पहिला मोहोर खुडतो, त्याप्रमाणे प्रशिक्षक अनेक नवोदितांना ‘रेडशर्ट’ करतात (पात्रतेचे वर्ष खर्ची न घालता सरावापुरते ठेवतात), आणि २०१८ मध्ये आलेल्या नियमाने अशा खेळाडूस चार सामन्यांपर्यंत खेळण्याची मुभाही दिली. अलाबामा विद्यापीठाच्या २०१७ च्या तुकडीतील मॅक जोन्सने पहिले वर्ष रेडशर्ट म्हणूनच काढले, पुढेही तो बराच काळ राखीव क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) राहिला, आणि २०२० च्या हंगामात मात्र त्याच्याच नेतृत्वाखाली संघ अपराजित विजेता ठरला. त्याच तुकडीतील डेव्होन्टा स्मिथला त्या हंगामाचा हाइझमन करंडक (सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा पुरस्कार) मिळाला. अर्थात, स्मिथने पदार्पणाच्या हंगामातही अंतिम सामन्याचा निर्णायक झेल घेतला होता, पण असे नवोदित विरळाच.